सावली एजन्सी सापडत नाही

‘ज्यांच्या नुसत्या चाहुलीने गुन्हेगारांची झोप उडते, ज्यांच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नाही, ते म्हणजे सावली एजन्सीचे चीफ. त्यांचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. त्यांचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. ते नेमकं काय करतात, हे ते सांगत नाहीत.’

हा मजकूर चीफनी खोलीत येरझाऱ्या घालत सांगितला होता आणि त्यांच्या साडूने, म्हणजे धाकट्या जावयांनी, तो टाइप करून एजन्सीच्या वेबसाइटवर चढवला होता. त्यानंतर जगात तो एवढ्याच लोकांनी वाचला: चीफनी, धाकट्यांनी आणि धाकट्यांच्या बायकोने. बायकोने त्यातली शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली. चेहऱ्याबद्दलचं विधान मात्र साफ खोटं होतं. खालच्या लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने तो चेहरा पाहिला होता, कारण चीफ रोज सकाळी लाँड्रीशेजारचा जिना चढायचे आणि चढताना आपला पाठलाग होतोय का, हे बघायला तीनदा मागे वळायचे. आजवर त्यांच्या मागे कोणी आलेलं नव्हतं.

लाँड्री सासूबाईंची आणि वरची खोलीही सासूबाईंचीच. चीफ, म्हणजे थोरले जावई, पूर्वी विमा कंपनीत होते. तिथे ते लोकांच्या प्रत्येक अर्जावर संशय घ्यायचे. शेवटी कंपनीने त्यांच्यावर संशय घेतला. मग त्यांनी एजन्सी काढली आणि सगळ्यांनी आपल्याला चीफ म्हणावं असं जाहीर केलं. धाकटे एका शाळेच्या कचेरीत बऱ्यापैकी टिकून होते. पण एका दुपारी चीफ त्यांना म्हणाले, “साडूभाऊ, तुमच्यात निरीक्षणशक्ती आहे.” आपल्यात काहीतरी आहे, असं धाकट्यांना तोवर कोणीच म्हटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. ती शक्ती कुठे आहे, हे ते अजून शोधत होते.

एजन्सीची पहिली केस म्हणजे शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर. ते चीफनी एका दिवसात पकडून आणलं. ते शेजाऱ्यांचं नव्हतं, हे खरं मांजर परत आल्यावर कळलं. दुसरी केस अजून यायची होती.

या महिन्याच्या सुरुवातीला सासूबाई स्वतः जिना चढून वर आल्या. दारावर ‘गोदाम’ अशी पाटी होती. एजन्सी असल्याचा कोणाला पत्ता लागू नये म्हणून ती चीफनीच लावली होती. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं आणि त्याला रस्त्यावर नजर ठेवण्यापुरतं एक भोक होतं. सासूबाईंनी सगळ्यावरून एकदा नजर फिरवली.

“जावईबापू, दातांचे डॉक्टर ही खोली मागताहेत. माणूस चांगला आहे. येत्या एक तारखेपर्यंत मला एक तरी खरं गिऱ्हाईक दाखवा. नाहीतर खोली त्यांची.”

“गिऱ्हाईक म्हणजे कोण धरायचं?” चीफनी विचारलं.

“कामासाठी आपल्या पायाने येईल तो. नातेवाईक चालणार नाही.”

शेवटच्या वाक्याने चीफचे बरेच बेत जागीच कोसळले. धाकट्यांनी मात्र मनातल्या मनात पुढचा हिशेब केला. खोली गेली की एजन्सी गेली, आणि एजन्सी गेली की त्यांना शाळेच्या हेडक्लार्कसमोर जाऊन उभं राहावं लागणार होतं. निरोप देताना तो हेडक्लार्क म्हणाला होता, “खुर्ची पुसून ठेवतो, लवकरच याल.” त्याचं ते हसू धाकट्यांना आंघोळीच्या वेळीसुद्धा आठवायचं.

म्हणून सासूबाई खाली उतरताच धाकट्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि गिऱ्हाइकाच्या भूमिकेत शिरून सर्चमध्ये ‘गुप्तहेर’ असं टाकलं. पहिल्या पानावर सगळ्यात वर ‘गरुड एजन्सी’ होती. सावली नव्हती. ‘सावली गुप्तहेर’ टाकलं, तर एक छत्र्यांचं दुकान आणि एक पडदेवाला आला. चीफचं पूर्ण नाव टाकलं, तर त्याच नावाचे एक भजनी गृहस्थ निघाले.

“चीफ, आपण कुठेच नाही,” धाकटे म्हणाले.

चीफनी डोळे मिटले. मोठी केस आली की ते डोळे मिटत. केस येत नसल्यामुळे हल्ली बराच वेळ मिटलेलेच असत. “म्हणजे आपल्याला पळवलंय. फाइल उघडा. फिर्यादी: आपण. तपास अधिकारी: आपणच. संशयित: सगळे.”

“सगळे?”

“आपण सोडून.”

धाकट्यांनी लिहिलं, ‘संशयित: सगळे (आपण सोडून).’ लिहिताना त्यांना फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी फाइलला काम मिळालं होतं.

पहिला संशय अर्थातच गरुडवर. चीफ गरुडच्या साइटवर एक अख्खी सकाळ नजर ठेवून बसले. तिथे मालकाचा फोटो होता, फोन नंबर होता, कचेरीत कसं यायचं त्याचा नकाशा होता, कामाच्या वेळा होत्या आणि खाली लोकांनी लिहिलेले चांगले अभिप्राय होते. ‘जोडीदाराबद्दल शंका असल्यास काय करावे’ अशा विषयांवर दर आठवड्याला नवा लेख होता.

“इतकं सगळं उघड्यावर मांडलंय,” चीफ म्हणाले, “म्हणजे हा माणूस काहीतरी भयंकर लपवतोय.”

“पण चीफ, लोकांना जे हवं असतं तेच लिहिलंय की.”

“तीच तर युक्ती आहे.”

गरुडवाल्याचा पाठलाग करायचं ठरलं. चीफ गॉगल लावून त्याच्या कचेरीसमोर जाऊन उभे राहिले. तासाभराने गरुडवाला स्वतः बाहेर आला, काही हरवलंय का म्हणून विचारलं आणि त्यांना प्यायला पाणी दिलं. चीफनी अहवालात लिहिलं, ‘संशयित अत्यंत पोहोचलेला.’

दुसरी थिअरी धाकट्यांची होती. त्यांनी एका व्हिडिओत ऐकलं होतं, की लोक जे शब्द शोधतात तेच आपल्या पानावर असले पाहिजेत. व्हिडिओतल्या बाईंनी ते सहज, ओघात यावेत असंही सांगितलं होतं, पण तेवढ्यात धाकट्यांना फोन आला होता. त्यांनी पानावर ओळीच्या ओळी ‘गुप्तहेर गुप्तहेर चांगले गुप्तहेर जवळचे गुप्तहेर’ असं भरलं. चीफना ते बटबटीत वाटलं, म्हणून अक्षरं पांढऱ्यावर पांढरी केली. आता ती कोणालाच दिसत नव्हती आणि चीफ खूश होते. सर्चमध्ये मात्र पडदेवाला जागचा हलला नाही.

मग कळलं, की दुसऱ्या चांगल्या साइटवाल्यांनी आपल्या साइटकडे बोट दाखवलं तर वजन वाढतं. चीफनी सगळ्या नात्यात फोन फिरवले. एका आत्तेभावाने आपल्या कोंबडीखाद्याच्या साइटवर लिहिलं, ‘अंडी कमी येत असल्यास संपर्क: सावली एजन्सी,’ आणि पुढे धाकट्यांचा फोन नंबर दिला. धाकट्यांच्या मामांनी त्यांच्या मंडप डेकोरेशनच्या पानावर ‘आमचे इतर उपक्रम’ म्हणून टाकलं. दोन दिवस दोघे फोनकडे बघत बसले. एक फोन आला, पण त्या माणसाला खरोखरच कोंबड्यांबद्दल विचारायचं होतं. धाकट्यांनी त्याला जमेल तेवढा सल्ला दिला.

साइट उघडायला वेळ लागतो म्हणून मागे पडली असेल, असंही एकदा निघालं. मुखपृष्ठावर चीफचा फोटो होता. टोपी, ओव्हरकोट आणि भोवती धुकं. तो वरून खाली हळूहळू उतरायचा. टोपी लगेच यायची, पण मिशी येईपर्यंत माणूस कंटाळून जायचा. धाकट्यांनी फोटो लहान करायचं सुचवलं, तर चीफ म्हणाले, “थोरपणाला वेळ लागतोच.” शेवटी धुकं काढायला ते तयार झाले. तेही जड मनाने.

महिना संपत आला. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, आणि तिच्याबरोबर डॉक्टरांशी खुर्चीच्या मापाबद्दल बोलणारा सासूबाईंचा आवाज. धाकट्यांना आता चीफचा राग येत नव्हता. स्वतःचाच येत होता. कोंबड्यांबद्दल सल्ला देताना आपण किती मनापासून बोलत होतो, हे आठवून त्यांना हसूही यायचं आणि रडूही.

अशाच एका दुपारी धाकटे साइटची पाहुण्यांची नोंद चाळत होते. कोण कधी आलं, ते त्यात उमटतं. बघता बघता ते ताठ बसले.

“चीफ, कोणीतरी रोज येतंय.”

चीफ उडी मारून आले. नोंद स्पष्ट होती. एक अनोळखी पाहुणा जवळजवळ रोज यायचा, मुखपृष्ठावर क्षणभर थांबायचा आणि कशालाही हात न लावता निघून जायचा. नाव-गाव काही नाही.

“सापडला,” चीफ कुजबुजले. “पाळत ठेवतोय. यानेच आपल्याला गायब केलंय. साडूभाऊ, याचा रस्ता कायमचा बंद करा.”

धाकट्यांनी सेटिंगचं पान उघडलं. कोणाला बंदी घालायची, ती जागा शोधत ते पान खाली सरकवत होते, तोच त्यांची बायको लाँड्रीतली तिची साडी घेऊन वर आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि दिसेल ते बारीक अक्षर वाचायचं अशी तिला खोडच लागली होती. घरी ती साबणाचं वेष्टणसुद्धा वाचून मग टाकायची. आताही ती नवऱ्याच्या खांद्यावरून मोठ्याने वाचू लागली.

“‘सर्च इंजिनांनी ही साइट कोणालाही दाखवू नये.’ आणि पुढे बरोबरची खूण. अहो, ही तुम्ही केलीय का?”

धाकट्यांना साइट सुरू केली तो दिवस लख्ख आठवला. पडद्यावर एकेक प्रश्न येत होता, ते वाचून दाखवत होते, आणि चीफ डोळे मिटून प्रत्येकाला एकच उत्तर देत होते. पासवर्ड दिसू द्यायचा? गुप्त. मालकाचं नाव? गुप्त. सर्चमध्ये साइट दिसू द्यायची? गुप्त, साडूभाऊ, सगळं गुप्त; आपण गुप्तहेर आहोत. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या ऐटीत, ती खूण केली होती.

“मग तो रोज येणारा कोण?” चीफनी बारीक आवाजात विचारलं.

“सर्चवाल्यांचंच यंत्र असणार,” धाकटे म्हणाले. “बिचारं रोज आपल्याला यादीत घ्यायला येतं, दारावरची सूचना वाचतं आणि परत जातं.”

चीफनी थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, “गुन्हेगार आतलाच आहे, असं मला पहिल्यापासून वाटत होतं.”

“तुम्ही म्हणाला होतात, आपण सोडून सगळे.”

“ते तुम्ही लिहिलंत.”

बायकोने खूण काढली आणि तिथेच बसून सबंध पान वाचलं. “यावरून मला कळतच नाही तुम्ही करता काय. पडदे विकत असाल असं वाटतं.” तिने पांढरी अक्षरं पुसून टाकली आणि साध्या भाषेत लिहायला लावलं: हरवलेली माणसं, वस्तू आणि कागदपत्रं शोधून देतो. शंका असल्यास खात्री करून देतो. वेळ दहा ते सहा. त्याखाली फोन नंबर. एकेका शब्दागणिक चीफचा चेहरा दात उपटून घेतल्यासारखा होत होता. पत्ता मात्र त्यांनी टाकू दिला नाही. म्हणाले, काहीतरी अब्रू राहू दे.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. सावली आधी कुठेतरी तळाशी उगवली, मग छत्र्यांच्या दुकानाला मागे टाकून वर आली. महिनाअखेरच्या दुपारी ती पहिल्या पानावर, अगदी खाली, पण होती. धाकटे ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. तेवढ्यात फोन वाजला. चीफनी तो स्पीकरवर घेतला.

“सावली एजन्सी का? सर्चमध्ये नंबर मिळाला. मी दातांचा डॉक्टर आहे,” पलीकडून दबका आवाज आला. “मला एक खोली मिळायची आहे, लाँड्रीच्या वर. पण तिथे दोन माणसं दिवसभर दार लावून बसतात. पाटी गोदामाची, पण माल येत नाही की जात नाही. खिडकीच्या कागदाला भोक आहे. एक जण तर जिना चढताना सारखा मागे बघतो. हे लोक कोण आहेत, ते मला सही करण्याआधी कळलं पाहिजे.”

धाकट्यांनी तोंडावर हात दाबला. चीफ मात्र गंभीर झाले.

“अवघड केस आहे, डॉक्टर. माणसं मुरलेली दिसतात.”

“किती दिवस लागतील?”

चीफनी साडूकडे बघितलं. धाकट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून फोन घेतला. “डॉक्टर, आत्ता लाँड्रीत या. उत्तर तयार आहे.”

लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलापाशी, सासूबाईंसमोर चीफनी केस उलगडली. खिडकीचं भोक, खोटी पाटी, मागे वळण्याची सवय, सगळे पुरावे ओळीने मांडून त्यांनी शेवटी छातीवर हात ठेवला. “ते दोघे आम्ही आहोत.” एजन्सीने बिनचूक सोडवलेली ही पहिली केस होती.

डॉक्टरांनी आधी घाम पुसला आणि मग ते पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

“हे आपल्या पायाने आले?”

“हो,” धाकटे म्हणाले. “वेबसाइटवरून.”

“आपल्या नात्यातले?”

“नाहीत.”

सासूबाईंनी इस्त्री उचलली. “डॉक्टर, तुम्हाला मागची खोली देते. मोठी आहे, फक्त साबणाचे डबे हलवावे लागतील. वरची यांच्याकडेच राहू दे.”

हेडक्लार्कने पुसून ठेवलेली खुर्ची आता खुशाल तशीच राहू दे, असं धाकट्यांना वाटलं. वर जाऊन त्यांनी फाइलमधलं ‘आपण सोडून’ खोडलं, खिडकीचा कागद काढला आणि चीफना न विचारता साइटवर पत्ता टाकला. गोदामाची पाटी तेवढी घट्ट बसली होती, निघाली नाही.

काही दिवसांनी चीफ नेहमीसारखे जिना चढत होते. एकदा मागे वळले, दुसऱ्यांदा वळले. तिसऱ्यांदा वळले, तर मागे खरोखरच एक बाई होत्या, हातात फोन धरलेल्या.

“सावली एजन्सी इथेच ना?”

चीफ भिंतीला चिकटले. “नाही, नाही. हे गोदाम आहे.”

बाई वळल्या आणि उतरू लागल्या. धाकटे अनवाणीच दाराबाहेर धावले आणि कठड्यावरून वाकून म्हणाले, “इथेच आहे, ताई. वर या.”