ओल झाकणाऱ्या पणजी

हेडक्लार्कांच्या बैठकीत सोफ्याच्या वर जे चित्र होतं, ते खरं तर भिंतीची ओल झाकायला भंगारवाल्याकडून आणलेलं. शाईच्या बारीक रेघांतली, मान किंचित वळवलेली एक बाई. तिचा खालचा भाग फ्रेमवाल्याने पुठ्ठ्याखाली दडपला होता. शेजारच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी "या कोण?" असं विचारलं आणि हेडक्लार्कांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या पणजी."

बारा वर्षांत पणजींनी बरीच प्रगती केली. आधी त्या लिहायला शिकल्या, मग त्यांनी मुलींची शाळा काढली. बायकोला खरं ठाऊक होतं. पण ओल दिसण्यापेक्षा पणजी बऱ्या, म्हणून ती गप्प राहिली. मुलीला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. तिने पणजींवर निबंध लिहून शाळेत बक्षीस मिळवलं, तेव्हाच बापाने तोंड उघडायला हवं होतं. त्याने टाळ्या वाजवल्या.

आता त्याच मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांनी आपापलं जमवलेलं. बोलणी करायला मुलगा आईवडिलांना घेऊन आला. वडील दातांचे डॉक्टर. हेडक्लार्कांनी सवयीने शाळेची गोष्ट सुरू केली. डॉक्टर चित्राकडे बघतच राहिले आणि त्यांचा चहा निवला.

"पप्पा," मुलगा म्हणाला, "ही तर आपली पणजी. दवाखान्यातली."

डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात तिथे, हीच मान आणि हीच शाल होती. घराण्यातली पहिली डॉक्टरीण, असं पेशंटना सांगितलं जाई.

मुलीने बोटांवर नातं मोजलं. पणजी एकच, म्हणजे ती दोघं बहीणभाऊ लागत होती. तिचा चेहरा उतरला.

हेडक्लार्कांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी कपात. एकाने पणजी सोडली की लग्न वाचणार होतं. पण आधी बोलेल तो खोटा ठरणार आणि दुसऱ्याची पणजी शाबूत राहणार. दोघंही थांबून राहिले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा हेडक्लार्क उठले आणि त्यांनी चित्र उतरवलं. मागे हातभर ओल होती.

"या आपल्या कुणी नाहीत गं. ही ओल झाकायला भंगारातून आणल्यात."

"आणि माझा निबंध?"

धरणी पोटात घेत नसेल तर निदान या भिंतीने तरी घ्यावं, असं हेडक्लार्कांना वाटलं.

तेवढ्यात सैल झालेला पुठ्ठा निसटला. खाली झगा, चवड्यांवर उभी पावलं आणि एक छापील ओळ निघाली. मुलाने ती वाचून दाखवली. रंगभूमीवरची नर्तकी, शंभरावर वर्षांपूर्वीची. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या दोनशे प्रतींपैकी एक. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांच्या बायकोनेही.

"नाचतही असेल," डॉक्टर म्हणाले, "दवाखाना सांभाळून."

लग्न ठरलं. निघताना डॉक्टरांनी जिन्यात हेडक्लार्कांचा हात धरला आणि हळूच सांगितलं, "आमच्याकडे भिंतीला भोक होतं."

मुलीने चित्र परत लावू दिलं, पण पुठ्ठा काढून, आणि विचारील त्याला खरं सांगायचं या अटीवर. आठवड्याने वकील आले आणि पावलांपाशी थबकले. हेडक्लार्कांनी खाली मान घालून एका दमात सांगून टाकलं, की ही नर्तकी आहे, आमची कुणी नाही, भंगारातून आणली.

वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, पणजी नाचायच्या म्हणून त्यांना नाकारता? लाज वाटायला हवी तुम्हाला."

"वाटते ना," हेडक्लार्क म्हणाले.