लांजेवारबाईंचा पुतण्या

लांजेवारबाई ज्या कामासाठी एखाद्या घरी जातात, त्या कामाबद्दल त्या घरात अवाक्षर काढत नाहीत. पापडांचं बोलतील, लाखोरीच्या डाळीचं बोलतील, शेजारणीच्या गुडघ्यांचं बोलतील. तासाभरानं उठतील, आणि बाहेर पडताना त्यांच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीला टेकून आमच्या प्रोजेक्टचं लघवीचं सॅम्पल उभं असेल. ते कधी घेतलं, कुठे घेतलं, याचा घरात कोणाला पत्ता नसतो. ऑफिसनं दिलेला निळा थंड डबा त्यांनी आजवर एकाही उंबरठ्याच्या आत नेलेला नाही. तो गाडीत बसून असतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "बोभाटा नको, सर."

हे सर म्हणजे मी. नगरकडचा, नोकरीनं भंडाऱ्यात आलेला. आमचं संशोधन गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांवर आहे. बाईला दिवस गेल्याचं कळलं की तिची संमती घेऊन नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी सॅम्पल घ्यायची, सोनोग्राफी करायची, आणि कोणाचं गर्भारपण टिकतं, कोणाचं का टिकत नाही, हे शोधायचं. नागपूरच्या डॉक्टर मॅडम या कामाच्या प्रमुख. मी समन्वयक, म्हणजे मॅडमची बोलणी खाणारा. आणि लांजेवारबाई, साऱ्या हयातीत उपकेंद्रावर नर्स असलेल्या आणि आता निवृत्तीनंतर आमच्याकडे गावोगाव फिरणाऱ्या, म्हणजे माझ्या बोलण्याला भीक न घालणाऱ्या.

सुरुवातीला मी हौसेनं गाडीवर भलामोठा स्टिकर लावून घेतला होता. आई, बाळ, खाली प्रोजेक्टचं नाव. पहिल्याच आठवड्यात ज्या ज्या दारापुढे गाडी थांबली, त्या त्या घरच्या सुनेनं दुसऱ्या दिवशी नाव मागे घेतलं. इकडे तिसरा महिना लागेपर्यंत दिवस गेल्याचं कोणाला सांगत नाहीत. नवऱ्याला माहीत असतं. सासूला कधी असतं, कधी नसतं. जावेला तर मुळीच नाही. आणि आम्ही नेमके त्याच तीन महिन्यांसाठी चित्र लावून दारात उभे. बाईंनी माझ्यासमोर नखानं तो स्टिकर खरवडून काढला. तेव्हापासून गाडी गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर उभी राहते आणि बाई पायी गावात शिरतात.

पण पायी आलेल्या बाईलाही घरात शिरायला निमित्त लागतं. इथे लांजेवारबाईंनी पुतण्या काढला.

पुतण्याचं नाव नरेश. जवाहरनगरला फॅक्टरीत परमनंट, क्वार्टर मिळालेलं, आणि लग्नाचा. बाई त्याच्यासाठी मुली पाहत फिरतात. मुलगी पाहणाऱ्या बाईला आमच्या समाजात सगळे परवाने आपोआप मिळतात. ती कितीही वेळ बसू शकते, आतल्या खोलीत जाऊ शकते, घरच्या सुनेला मागच्या वाडीत नेऊन "तुही नणंद स्वभावानं कशी हाये?" असं कुजबुजत विचारू शकते. सॅम्पल त्या वाडीतच घेतलं जातं. पद्धत बिनचूक होती, हे मी मान्य करतो. फक्त नरेश या जगात नव्हता. बाईंना थोरला-धाकटा एकही दीर नाही, त्यामुळे पुतण्या असण्याची शक्यताच नव्हती.

एवढं करून थांबल्या असत्या तर माझं डोकं उठलं नसतं. पण नरेश वाढत गेला. त्याला कारलं आवडत नाही. तो पोह्यांवर रस्सा घेत नाही, कोरडेच खातो. लहानपणी विजेला भ्यायचा, अजूनही ढग गडगडले की मोटारसायकल थांबवून कोणाच्या तरी पडवीत उभा राहतो. हे सगळं मला फिल्डच्या अहवालात तोंडी ऐकावं लागायचं. पवनीकडच्या चार घरी काय झालं असं मी विचारायचो, आणि चौथ्या घराऐवजी नरेशचा सर्दी-खोकला यायचा. एकदा अघनात, म्हणजे मार्गशीर्षात, बाई डबाभर शिरा घेऊन आल्या. कशाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, नरेशला एकतिसावं लागलं. नसलेल्या माणसाच्या वाढदिवसाचा शिरा आम्ही ऑफिसात बसून खाल्ला. चांगला झाला होता, त्याचाही मला रागच आला.

तारखांचा तर वेगळाच छळ. बाळंतपणाची अंदाजी तारीख आमचं ॲप काढतं. बाई ती बोटांच्या पेरांवर काढतात आणि महिना सांगतात तो मराठी. "फागुन लागता लागता," असं मला फोनवर कळवतात. ॲपमध्ये फाल्गुनासाठी जागा नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्या ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि पुढच्या बाईला चैत्रात टाकतात.

मग तुमसरचं प्रकरण झालं. तिथले एक तांदळाचे व्यापारी, सोबत मेव्हणा आणि मिठाईचा पुडा घेऊन, लांजेवारबाई कुठे कामाला असतात याचा माग काढत थेट ऑफिसात आले. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'आरोग्य संशोधन' लिहिलेलं आहे, तेही बाईंच्या हट्टानं, म्हणून निदान गुपित शाबूत राहिलं. बाई नव्हत्या. मी होतो. दोघांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मेव्हणा हळूच म्हणाला, पोरगा जरा वयस्कर दिसते. मला दोन मुलं आहेत हे त्यांना पटवून देण्यात माझी दुपार गेली, आणि तरी जाताना त्यांनी मुलीचा फोटो आणि पुडा टेबलावर ठेवलाच.

त्या संध्याकाळी मी बाईंना समोर बसवलं. म्हटलं, आता पुरे झालं. नरेशला बंगलोरला नोकरी लावा, दुबईला पाठवा, काय वाटेल ते करा, पण जिल्ह्याबाहेर काढा. त्याच्या जागी दुसरं निमित्त शोधा. साड्या विका, बचत गटाचं सांगा.

लांजेवारबाई माझं ऐकत नसल्या तरी मला नाही कधीच म्हणत नाहीत. 'हो सर' म्हणतात आणि आपल्याला हवं तेच करतात. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी नकाराची मान हलवली.

"त्याले दूर नका पाठवू, सर. राहू द्या इथंच."

मी चिडून म्हटलं, अहो, तो नाहीच आहे, तर त्याला कुठेही पाठवलं म्हणून काय बिघडतंय? त्यांनी पुड्यातला पेढा माझ्यापुढे सरकवला आणि उठून गेल्या. मी बराच वेळ धुसफुसत बसलो होतो.

फाल्गुनाच्या सुमाराला डॉक्टर मॅडमचा फोन आला. गाडी पवनीकडच्या एका गावाला पुन्हा पुन्हा का जाते? तिथली पल्लवी नावाची बाई तर केव्हाच बंद झाली होती.

बंद होणं म्हणजे काय, ते सांगतो. पल्लवीला मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस दिवस गेले होते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत, दुसऱ्याच महिन्यात, गर्भ पडला. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूला वाटलं, पाळी जास्त गेली. चार दिवसांनी पल्लवी पुन्हा चिखलात उभी राहून रोवणी करत होती. आमच्या लेखी तिचा भाग तिथे संपला. ॲपमध्ये तशी नोंद केली की ते पुढची तारीख आपोआप पुसून टाकतं. त्यानंतर त्या बाईकडे जायचं नाही, असा नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. तिनं संमती दिली होती ती तेवढ्यापुरतीच.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हे थांबत नसेल तर बाईंचं काम पुढे चालू ठेवता येणार नाही. मी खात्री करून कळवायचं होतं. म्हणून पुढच्या वेळी बाई पवनीकडे निघाल्या तेव्हा मीही गाडीत जाऊन बसलो. त्यांनी 'काहून' असंही विचारलं नाही. मांडीवर एक डबा तेवढा घट्ट धरून बसल्या होत्या.

बोडीपाशी उतरलो. गावात शिरताना माझ्या लक्षात आलं की आता मलाही कोणीतरी व्हावं लागणार. बाईंनी ते आधीच ठरवलेलं होतं. पल्लवीच्या सासूला त्यांनी सांगितलं, "हे नरेशचे साहेब होत. फॅक्टरीतले."

सासू अंगणात सुपात लाखोरी पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. तिच्या बहिणीची पोरगी लग्नाची होती. बाई पल्लवीला घेऊन वाडीकडे गेल्या आणि मी त्या म्हातारीच्या तावडीत सापडलो. पोरगा पितो काय? नाही, म्हटलं. रागीट आहे काय? नाही. जेवणाखाण्याचं कसं? कारलं खात नाही, मी म्हणालो, आणि पोहे कोरडेच लागतात. भित्रा तर नाही ना? विजेला जरा भितो, पण गाडी जपून चालवतो. मी हे सगळं न अडखळता सांगत होतो आणि मनातल्या मनात लांजेवारबाईंना शिव्या मोजत होतो.

बराच वेळ झाला. म्हातारी चहा ठेवायला आत गेली तसा मी बाईंना बोलवायला वाडीकडे वळलो. शेवग्याखाली दोघी बसल्या होत्या. पल्लवीच्या मांडीवर तो डबा उघडा होता. त्यात शिरा होता. ती घास तोंडाजवळ नेत होती आणि रडत होती, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. लांजेवारबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि मधूनच अंगणाकडे तोंड करून मोठ्यानं विचारत होत्या, तुही मावसनणंद शिवनकाम जाणते काय वं?

मी मागच्या मागे परतलो आणि चहा पिऊन घेतला.

परत बोडीकडे चालताना मी नियम सांगायला सुरुवात केली. पल्लवीची केस बंद आहे, आपल्याला इथे येण्याचा अधिकार नाही, मॅडम चिडल्या आहेत, तुमचं काम जाईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज तारीख होती तिची, सर."

मी म्हटलं, तारीख तर ॲपनं केव्हाच काढून टाकली.

"तुमचं ॲप पुसून टाकते. तिच्या डोक्यातून कोन पुसन? आजचा दिवस तर येतेच ना. घरात सासूले मालूम नाही, जावेले मालूम नाही. नवरा म्हनते, आता कायले काढतं तो विषय. मंग तिनं कोनापाशी रडाव?"

मला त्या शिऱ्याची चव आठवली. अघनातल्या. मी चालता चालता थांबलो. काय विचारायचं ते मला कळलं होतं, पण ते विचारावं कसं, ते कळेना. मी फक्त म्हटलं, "नरेश?"

लांजेवारबाईही थांबल्या. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली फुलं पडली होती, त्यांतलं एक त्यांनी उगाचच उचलून हातात धरलं.

"उपकेंद्रावर होती मी तवा. तिसरा लागला का सासूले सांगू, असं ठरवलं होतं आमी. तिसरा लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी लसीकरन होतं, ड्युटीवर गेली. कोनी भेटाले आलं नाही. येतीन कसे, कोनाले मालूमच नव्हतं." फूल त्यांनी बोटांत फिरवलं. "मंग पुन्हा दिवसच राहिले नाही. मालक गेले, तवापासून तर मालूम असनारी मी एकटीच. साऱ्या गावाच्या तारखा मीच काढत होती, सर. त्याचीबी काढली होती."

पुढे गाडी उभी होती, मी जाऊन तिचं दार उघडून धरलं. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी मला विचारलं की नगरकडे पोह्यांवर रस्सा घेतात काय.

मी मॅडमना जसं घडलं तसं कळवलं, फक्त नरेशबद्दल काही लिहिलं नाही. ज्यांचं गर्भारपण टिकत नाही त्या बायांना, त्यांची आधीच संमती असेल तर, नंतरही एक भेट देता येईल असा बदल करावा, असं मी सुचवलं. मॅडम म्हणाल्या की नैतिकता समितीपुढे ठेवते, पण तोवर प्रोजेक्टची गाडी जाणार नाही. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोवर बाई रविवारी आपल्या आपण एसटीनं जातात. डबा मांडीवर. कोणत्या रविवारी कोणत्या गावाला, ते त्यांच्या पेरांवर ठरतं. मी विचारत नाही.

बाकी त्यांच्यात काही फरक नाही. सॅम्पल अजून लोणच्याशेजारीच असतं. परवाच त्यांनी एका बाईला 'जेठात' घातलं आणि माझा पूर्ण तक्ता कोलमडला. मी ओरडलो, त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात तुमसरच्या त्या व्यापाऱ्यांचा फोन आला. मुलीचं अजून जमलेलं नाही, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की तो फॅक्टरीतला पोरगा बंगलोरला गेला म्हणून. खरं काय ते विचारत होते. लांजेवारबाई समोरच बसल्या होत्या, पिशवी आवरत. त्यांचा हात थांबला.

मी म्हटलं, नाही हो, कुठे जातोय बंगलोरला. नरेश इथंच आहे.