शटरमागचा फोन

दादांचं एक ठाम मत होतं. कागद असो की माणूस, हरवलेलं असं काही नसतंच, शोधणारा कच्चा असतो. तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढून निवृत्त झाल्यावर माणसाला असं वाटू लागतं. म्हणूनच, 'पोलिसांनी ह्यांना नेलं आणि आता हे चौकीतही नाहीत' असं धाकट्या बहिणीने रडत सांगितलं, तेव्हा दादांना आधी वाईट वाटलं आणि पाठोपाठ भलतंच कुतूहल वाटलं. तुरुंगातली नोंदवही त्यांनी अजून पाहिलेली नव्हती.

मेहुणे किल्लीवाले. गेल्या महिन्यात 'घराची किल्ली हरवली' म्हणून एकाने त्यांना बोलावलं. मेहुण्यांनी दार उघडून दिलं आणि त्या गृहस्थाने आतला टीव्ही उचलून पोबारा केला. घर त्याचं नव्हतंच. मेहुण्यांची मात्र शिस्त होती. कुलपाला हात लावण्याआधी 'घर माझंच आहे' अशा चिठ्ठीवर ते गिऱ्हाईकाची सही घेत. ती चिठ्ठी शुक्रवारी कोर्टात दाखवली की सुटका होणार होती, पण ती ठेवलीय कुठे हे मेहुण्यांनाच ठाऊक. वकीलबाई परगावी अडकलेल्या, शुक्रवारी थेट कोर्टातच उगवणार.

"तू शांत बस, चिमे," दादा म्हणाले. "मेहुण्यांना गाठतो आणि चिठ्ठीचं विचारून येतो. हा तर माझा हातखंडा."

जिल्हा कारागृहाच्या खिडकीत एक चष्मा लावलेले कारकून बसले होते. दादांनी नाव सांगितलं आणि काचेला नाक टेकवून वहीत डोकावले.

"तुमच्याकडे नोंद नावावरून लावतात की तारखेवरून?"

"तारखेवरून."

"आणि कैदी दुसरीकडे हलवला तर? वेगळ्या शाईने लिहिता का?"

"आजोबा," कारकून म्हणाले, "तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत. मी एकच विचारतोय. त्यांना आणलं कधी?"

"सोमवारी."

पुढच्या क्षणाला मेहुणे सापडले. पण भेट मिळणार शनिवारपासून. पत्र पाठवलं तर तपासून हातात पडायला आठवडा. तोंडी निरोप घ्यायची पद्धत नाही. कैद्याला मात्र दर गुरुवारी अकरा वाजता एक फोन करता येतो, पाच मिनिटं, त्याने स्वतः लिहून दिलेल्या नंबरवर.

"कुठला नंबर दिलाय त्यांनी?"

कारकुनांनी वाचून दाखवला. दादांनी तो लगेच ओळखला. तो मेहुण्यांच्या बंद दुकानातल्या फोनचा नंबर होता. बिचाऱ्या मेहुण्यांना तेवढा एकच पाठ होता, बाकी सगळे मोबाइलमध्ये, आणि मोबाइल पोलिसांकडे.

गुरुवारी साडेदहालाच बहीणभाऊ दुकानापुढे हजर झाले. शटरला मेहुण्यांनी स्वतः बनवलेलं कुलूप होतं. त्याला किल्ली कुठून घालायची हेच दिसत नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा पुरावा म्हणून जप्त झालेला, आणि जादा किल्ली किल्लीवाल्याच्याच घरात नव्हती.

दादांनी एका फटीत बहिणीची हेअरपिन घातली, ती वाकली. छत्रीचं टोक घातलं, ते आतच राहिलं. पण हे बनवलंय तरी कसं, या उत्सुकतेने ते कुलूप उलटंसुलटं करून बघतच राहिले.

"दादा, अकराला पाच कमी आहेत," बहीण म्हणाली.

शेजारचा चष्म्यांचा दुकानदार बाहेर आला. "हे कुलूप उघडणारा गावात एकच माणूस आहे."

"कोण? पत्ता द्या."

"हेच की, या दुकानाचे मालक."

तेवढ्यात आत फोन वाजू लागला. बहिणीने दोन्ही हातांनी शटर बडवलं. सहा वेळा वाजून निरोप टिपणारं आन्सरिंग मशीन सुरू झालं आणि आतून मेहुण्यांचा उत्साही आवाज आला, "कुलूप अडकलंय? घाबरू नका, मी निघालोच आहे." मग टूं असा आवाज, आणि पुन्हा मेहुणेच, पण या वेळी दमलेले.

"हॅलो? कुणी आहे का?"

"आहे, मी आहे," बहीण शटरला गाल लावून म्हणाली. त्यांना ऐकू जाणार नव्हतंच.

"नसेलच कुणी. तरी बोलतो. मी बरा आहे गं. तू वेळेवर जेवत जा. चिठ्ठीचं सांगायचं होतं. पंधरवड्यापूर्वी दादा दुकानात आले होते ना? 'असे ठेवतात का कागद' म्हणून रागावले आणि चिठ्ठ्यांचं खोकं लावून देतो म्हणत घरी घेऊन गेले. त्यातच आहे, अगदी वर. पोलिसांना मी हे बोललो नाही. दादांच्या घरी पोलीस गेले असते, या वयात त्यांना कशाला त्रास?"

दादांना ते खोकं आता लख्ख आठवलं. ते त्यांच्या आरामखुर्चीपुढे होतं. गेले चार दिवस त्याच्यावर पाय ठेवून ते मेहुण्यांच्या सुटकेचा विचार करत होते. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि मेहुण्यांबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी चष्मा काढून पुसला.

शटरमागे मेहुणे आता स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल सांगत होते. पाच मिनिटं संपली, फोन बंद झाला. बहिणीने डोळे पुसले आणि सावकाश दादांकडे वळून पाहिलं.

"बघ," दादा घसा खाकरून म्हणाले, "कागद हरवलेला नव्हताच."

दादांच्या घराची किल्ली मागायला तिने फक्त हात पुढे केला.