बासष्टावं रोप

कारंज्याच्या कंचनबाईंनी चातुर्मासात नातीला एक नियम घ्यायला लावला आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. नियम साधा: हिरवं रोप मुळासकट उपटायचं नाही. आता नात रुचा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, गावाबाहेरच्या छोट्या राखीव कुरणातल्या झाडाझुडपांची यादी करतेय आणि तिच्या मार्गदर्शक सरांना प्रत्येकाचा मुळासकट वाळवलेला नमुना हवाय, हे आजीला सांगायचं कोणी? "हो आजी," म्हणून रुचा मोकळी झाली.

मग तिनं शक्कल काढली. उपटायचं नाही ना, मग खूण करू आणि सरांनाच इथे आणू! पप्पांच्या कापडदुकानातलं लाल फितीचं रीळ तिनं उचललं आणि महिनाभर चिखल तुडवत बासष्ट जातींच्या एकेका रोपाला फीत बांधली. त्यातलं बासष्टावं बोटभर उंचीचं, निळ्या फुलाचं. साऱ्या कुरणात ते एकच होतं. फोटो पाहून सरांचा लगेच फोन आला. "रुचा, हे मी या भागात कधीच पाहिलेलं नाही. शनिवारी येतो. तोवर त्याला जप."

शुक्रवारी सकाळी ती पोचली, तर कुरणात मजुरीला येणाऱ्या सोजरबाई फाटकाशी भाकरी खात बसल्या होत्या. शेजारी हिरवा ढीग.

"या मॅडम! पाहा, कसं साफ केलं. एक बी मूळ ठेवलं नाही."

ढिगात जिथंतिथं लाल फिती डोकावत होत्या. रुचानं त्यातलं एक रोप उचललं.

"अवं मावशी, हे काहून उपटलं?"

"काहून म्हंजे? लाल फीत होती ना! पंजाबराव गार्ड दरसाली गाजरगवताले फीत बांधून जाते, आमी मांगून उपटत येतो. सात सालं झाले."

"मग ते आजूबाजूचं गाजरगवत तसंच काहून ठेवलं?"

"त्याले कुठी फीत होती?"

कप्पाळ! रुचा ढिगापाशी बसली आणि रडत रडत रोपं मोजू लागली. खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडा लबाड आनंदही होता. सरांना हवे तसे नमुने आयते मिळाले आणि नियमही मोडला नाही! तो आनंद जाणवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

एकसष्ट भरली. पुन्हा मोजली, तरी एकसष्टच. निळं फूल कुठेच नव्हतं. एवढ्यात तिला सोजरबाईंच्या डब्याच्या कडीला बांधलेली लाल फीत दिसली.

"मावशी, ही कशाची?"

"ते एक नाही उपटलं," सोजरबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "हात लावला होता. मंग चारीकडं पाह्यलं, तर त्याच्यासारखं दुसरं कुठीच नाही. एकटंच होतं बिचारं. म्हटलं, राहू दे. फीत सोडून घेतली, नाहीतर दुसरी कोनी उपटीन."

रुचानं त्यांचे हातच धरले. "कुठी आहे? दाखवा ना!"

"दाखवतो की. पन आधी नियम घ्या. फीत बांधाची नाही. अन् उपटाचं त नाहीच नाही."

एका चातुर्मासात दुसरा नियम! रुचानं डोळे पुसत तोही घेतला.

संध्याकाळी तिनं आजीला सगळं सांगून टाकलं. कंचनबाईंनी शांतपणे विचारलं, "उपटलं कोणी?"

"सोजरबाईंनी."

"फीत कोणी बांधली?"

"मी."

"मग उद्या उपवास कर," आजी म्हणाल्या.

शनिवारी सर खुरपं आणि रोपं दाबायच्या लाकडी पट्ट्या घेऊन हजर झाले. सोजरबाईंनी आधी खुरपं मागून घेतलं, मग नियम दिला, मग वाट दाखवली. निवृत्तीला आलेले सर चिखलात गुडघे टेकून, भिंग लावून अर्धा तास त्या फुलाकडे पाहत राहिले. उठले तेव्हा खुरप्याबद्दल काही बोललेच नाहीत. "राहू दे असंच," एवढंच म्हणाले.

सोमवारी यादी सरांकडे गेली. 'नमुना कुठे ठेवला' या रकान्यात एकसष्ट जातींपुढे कपाटाचा नंबर होता. बासष्टाव्यापुढे रुचानं लिहिलं होतं, 'जमिनीत. सोजरबाईंना विचारावे.'