उत्तराशिवाय गाडी हलत नाही

ओगलेनानांच्या गाडीत बसलं की तोंडाने सांगावं लागे, नुसतं बसून भागत नसे. नाना किल्ली फिरवत, मान अर्धी मागे वळवत आणि विचारत, "बसलीस?" मी शेजारच्या सीटवर पट्टा लावून ढळढळीत बसलेली असले तरी "बसले" म्हणेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. एकदा तर इंग्लंडात, लीड्सच्या सिटी बसमध्ये, मागच्या आजी अजून टेकल्या नाहीत, जरा थांबा, असं ते ड्रायव्हरला जाऊन सांगून आले होते.

"उत्तराशिवाय क्लच सुटत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐंशीच्या दशकात ते आमचे शेजारी होते, त्यामुळे मी ते शेकडो वेळा ऐकलंय.

या खुळाचं मूळ त्यांच्या बायको, कुसुमकाकू सांगायच्या, तेही चार मराठी माणसं जमली की हमखास. लग्न नवीन असताना पुण्यात दोघं स्कूटरवरून निघाली होती. पेट्रोल भरायला काकू उतरल्या आणि भरून झाल्यावर नाना तसेच निघाले. इंग्लंडला का जावं, हे घर येईपर्यंत समजावत राहिले. काकूंनी एकदाही विरोध केला नाही म्हणून खुशीत होते. दारात किल्ली मागायला हात मागे केला, तेव्हा कळलं.

"म्हणजे इंग्लंडला मी अजून हो म्हटलेलंच नाही," काकू शेवटी म्हणायच्या, आणि नाना मान खाली घालून श्रीखंड खायचे.

त्या काकू एका ऑक्टोबरात गेल्या. हॉस्पिटलमध्ये, नाना खाली चहा आणायला गेले होते तेवढ्यात.

त्यानंतर नानांनी ड्राइव्हवेतल्या गाडीवर ताडपत्री घातली ती घातलीच. कामावर बसने जायला लागले. विचारलं की बॅटरी डाऊन आहे म्हणायचे. माझ्या नवऱ्याने, अजितने, ती दोनदा चार्ज करून दिली. ताडपत्री काही निघाली नाही. हा माणूस आता पुन्हा गाडी चालवतो की नाही, याचा आम्हाला घोर लागला.

म्हणून फेब्रुवारीत त्यांना जवळजवळ उचलूनच स्कॉटलंडला नेलं. डोंगरातल्या एका शेतकऱ्याकडे दोन स्नोमोबाइल होत्या. बर्फावरच्या स्कूटरच म्हणा ना. अजितने पहिल्याच वळणावर आमची स्नोमोबाइल बर्फाच्या ढिगाऱ्यात घातली आणि मी मागच्या सीटवरून उडून बाजूला पडले. इतकं हसलो की उठवेना. नाना माकडटोपीवर हेल्मेट चढवून लांब उभे होते. मग दुसऱ्या यंत्राभोवती एक चक्कर मारून त्यांनी शेतकऱ्याला विचारलं, क्लच कुठाय? तो म्हणाला, क्लच नसतोच, नुसता अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा.

"मग सोडायचं काय?" नाना मराठीत पुटपुटले. पण बसले.

इंजिन सुरू झालं, यंत्र मात्र जागेवरच. शेतकरी हाताने जा, जा करत होता. अजित म्हणाला, घाबरले बहुतेक. मी जवळ गेले. नानांनी मान अर्धी मागे वळवली होती. मागची सीट रिकामी होती, आणि ते थांबले होते.

"विचारल्याशिवाय निघता येत नाही गं," ते म्हणाले. "आणि विचारलं की उत्तर येत नाही. बॅटरी चांगली आहे माझी."

मला रडू फुटलं. हेल्मेटमुळे डोळेही पुसता येईनात. तशीच मागे चढले, त्यांचा कोट घट्ट धरला आणि ओरडून सांगितलं, "बसले, नाना."

ते पांढरं माळरान आम्ही इतक्या हळू पार केलं की शेतकऱ्याचं म्हातारं कुत्रंसुद्धा आमच्या पुढे गेलं.

पुढच्या शनिवारी सकाळी शेजारच्या ड्राइव्हवेत हॉर्न वाजला. ताडपत्री घडी करून ठेवलेली, नाना भाजीला निघालेले. मी सपाता घालूनच गेले, आत बसले, "बसले" म्हटलं. ते म्हणाले, झालं, आता जा, तुझा चहा निवेल. एक उत्तर जायला-यायला पुरतं. आम्ही लीड्स सोडेपर्यंत दर शनिवारी हे असंच चाललं. पण त्या पहिल्या दिवशी मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली.

"उतरताना मात्र सांगून उतरत जा."