तात्या हवालदारांचा नकाशा

चोरी झाली म्हणून धापा टाकत आलेल्या माणसाला आमचे तात्या हवालदार पहिलं वाक्य ऐकवतात, "काय गेलं ते ऱ्हाऊ दे, कुठनं गेलं ते दाखव." मग त्या बिचाऱ्याला माझ्या कॉम्प्युटरसमोर बसवतात. नकाशावर ठिपका मी टाकायचा. पेणच्या ठाण्यात सहा वर्षं मी ठिपकेच टाकतेय. मान आखडली, चष्मा लागला.

कुठल्याशा साहेबांनी तात्यांना गुन्ह्यांच्या नकाशांच्या ट्रेनिंगला पाठवलं, तेव्हापासूनचं हे. तात्या सांगतात, "चोर पण माणूसच हाय गो. वळखीच्या वाटेनंच फिरतो. सोताच्या दारात हात मारत नाय, आन लांब जायाचा त्याला कंटाळा." एकदा आमच्या डब्यांतलं लोणचं नाहीसं होऊ लागलं, तेव्हा त्यांनी टेबलांचा नकाशा काढायला लावला. माग साहेबांच्या केबिनपाशी पोचला. तपास तिथेच थांबला.

गेल्या हिवाळ्यात गडबपासून रोह्यापर्यंत शेतांतले पाण्याचे पंप जाऊ लागले. अकरा ठिपके झाले. तात्यांनी मोटारसायकलवरून अकराही शेतं पालथी घातली आणि येऊन स्क्रीनवर एका गावावर बोट ठेवलं. "निडीत येकपण चोरी नाय, आन भवती सगळीकडं हाय. तो हितंच ऱ्हातो."

निडीत पंप दुरुस्त करणारा एकच जण होता. त्याच्या घरामागे पेंढ्याखाली चार पंप सापडले. त्याची म्हातारी आई दारात येऊन म्हणाली, "त्याला जेवल्यावर नेलात तर चालंल काय?" तात्या म्हणाले, "व्हय, जेवू दे." आम्ही अंगणात अर्धा तास उभे.

पुढे एका रविवारी मी बहिणीकडे रोह्याला निघाले होते. निडीला गाडी थांबली, तर तात्या भाजीची पिशवी घेऊन उतरताना दिसले. सोमवारी मी विचारलं.

"म्हातारी येकटी हाय. तिचा पोर मीच उचलला ना," ते फाईल चाळत म्हणाले. मग फाईल मिटून म्हणाले, "आन खोलीवर माझी वाट बघणारं कोण हाय? ती गरम भाकरी वाढते. पोराचं सांगत बसते."

मार्चमध्ये त्या पोराला जामीन मिळाला. पुढच्या रविवारी माझी ड्युटी होती. तात्यांची सुट्टी होती, तरी अकराच्या सुमारास ते इस्त्रीच्या शर्टात ठाण्यात आले आणि माझ्या टेबलाशी बसले.

"आज निडी नाही?"

"आता तिचा पोर हाय तिथं. मी कशाला?" ते म्हणाले. मग म्हणाले, "काय काम असलं तर दे गो."

काम काहीच नव्हतं. मी डबा उघडला आणि त्यांच्यापुढे सरकवला.