मागचा गिअर

मोटारीला पुढे जाण्यासाठी पाच गिअर असतात आणि मागे येण्यासाठी एकच. यावरून मोटार बनवणाऱ्यांचा मानवाच्या प्रगतीवर गाढ विश्वास होता, आणि त्यांनी उमरीतला चंद्रप्पांचा बोळ पाहिलेला नव्हता, या दोन्ही गोष्टी सिद्ध होतात.

उदगीरच्या मल्लिनाथअप्पांनी साठीला टेकता टेकता गाडी घेतली, ती हौसेपोटी नव्हे. त्यांच्या लेकीची, वर्षाराणीची पाठवणी मागून आणलेल्या जीपमधून झाली होती आणि ती जीप कोपऱ्यापर्यंत ढकलावी लागली होती. (ढकलणाऱ्यांत वधूपिता होता.) उमरीचे इवाई, म्हणजे वर्षाराणीचे सासरे चंद्रप्पा तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसू अप्पांच्या काळजात रुतून बसले. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येईल ती आपल्याच गाडीतून, आणि गाडी आपणच चालवू, असे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले.

गिअर टाकण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी एका मोटार ट्रेनिंग स्कूलात घेतले. क्लच पूर्ण दाबावा, गिअर टाकावा, क्लच हळूहळू सोडावा, इतके हे शास्त्र सोपे आहे. मात्र गिअर चालक टाकतो हा गैरसमज आहे. चालक फक्त हात लावतो; निर्णय गाडीतल्या बहुमताने होतो. एका पाहणीनुसार (पाहणी अप्पांच्याच गाडीत झाली) चारपैकी चारही प्रवाशांना नुसत्या आवाजावरून योग्य गिअर कळतो, आणि चौघांना वेगवेगळा कळतो. अप्पांच्या पत्नी सिंधुताई तिसऱ्याच्या वर जाऊ देत नसत. चौथा गिअर त्यांच्या मते तरण्या पोरांचा होता आणि पाचवा पेशंट दवाखान्यात नेण्याचा.

मागचा गिअर स्कूलात शिकवलाच नाही. तिथले मास्तर म्हणायचे, "मागचं मी बघतो, तुमी पुढं बघा." पुढे गाडी घरी आली, पूजा झाली, चाकांखाली लिंबे चिरडली, आणि अप्पांच्या थोरल्या बहिणीने, उमादेवींनी फर्मान काढले, "सव्वा महिना गाडी मागं घ्यायची न्हाई. लक्षुमी पाठमोरी होती."

हे अप्पांच्या पथ्यावरच पडले. घराचे फाटक चुकून मागे राहिले, तर ते किल्ल्याला वळसा घालून पुन्हा फाटकाशी येत. (या निमित्ताने किल्ला पाहून झाला.) त्यामुळे एक तांत्रिक बाब नजरेतून सुटली. त्यांच्या गाडीत मागच्या गिअरची जागा पहिल्याच्या शेजारीच होती, आणि दांड्याच्या मुठीखालची कडी वर ओढल्याशिवाय त्यात जाता येत नसे. कडी न ओढता दांडा तिकडे रेटला, की तो निमूटपणे पहिल्यात बसे. अप्पांना ती कडी शोभेची वाटायची. वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

सव्वा महिना सरला आणि नवरा-बायको उमरीला पोचले. चंद्रप्पांचे घर बोळाच्या टोकाला, समोर त्यांचीच नवी कंपाउंडची भिंत. अप्पांनी गाडी थेट भिंतीसमोर नेऊन रुबाबात उभी केली. जेवणे झाली, ओटी भरली, वर्षाराणी आईसोबत मागच्या सीटवर बसली. चार वाजता अमावास्या लागत होती, आणि अमावास्येला लेकीबाळीने घर सोडायचे नसते.

अप्पांनी दांडा रेटला, क्लच सोडला. गाडी पुढे गेली.

आता बोळातले लोक मदतीला आले. गाडी मागे घेताना तिच्या पाठीशी उभे राहून मार्गदर्शन करणे हे आपल्याकडचे सर्वांत जुने मानद पद आहे. त्याला लायसन लागत नाही. पदसिद्ध मार्गदर्शकाला दोनच शब्द यावे लागतात, 'येऊ द्या' आणि 'बास'. पैकी 'बास' हा शब्द आवाज झाल्यानंतर उच्चारण्याची प्रथा आहे.

"येऊ द्या, येऊ द्या," मार्गदर्शक म्हणाले. गाडी आणखी पुढे गेली.

"डाव्या अंगानं येऊ द्या. लई जागा हाय."

गाडी डाव्या अंगाने पुढे गेली. भिंत वीतभर उरली. मार्गदर्शकांनी मात्र आपली जागा सोडली नाही.

चंद्रप्पांनी घड्याळ पाहिले. "ऱ्हाऊ द्या इवाई. पुढल्या आठवड्यात आमच्या गाडीनं आणून सोडतो की."

ते पुन्हा हसले. अप्पांचे डोळे भरून आले. आरशात लेकीचा चेहरा दिसेल म्हणून ते आरशाकडेही बघेनात.

"मामा," मागून वर्षाराणी सासऱ्याला म्हणाली, "सगळे मिळून मागं ओढा की. अप्पा न्यूटल करतेत."

सातवा महिना लागलेल्या सुनेला नाही म्हणायची सोय नसते. पुढे उभे राहायला जागा नव्हती, म्हणून कोणी खिडकीला हात घातला, कोणी मागच्या बंपरला. चंद्रप्पांनी उपरणे कमरेला बांधले आणि तेही लागले. गाडी हलली, बोळातून निघाली, मोठ्या रस्त्यावर आली. आता एकच प्रशासकीय अडचण होती. सगळेच मार्गदर्शक ओढायला लागल्याने 'बास' म्हणायला कोणी शिल्लक नव्हते.

रस्त्याच्या पलीकडे चंद्रप्पांची पांढरी गाडी उभी होती. आवाज झाला.

"बास," सगळे म्हणाले.

चंद्रप्पा घामाघूम होऊन आपल्या गाडीच्या चेपलेल्या दाराकडे बघत राहिले. चाराला अजून अवकाश होता. अप्पांनी आता आरशात पाहिले. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले, आणि पहिला गिअर टाकला. तो त्यांना उत्तम येत होता.

"अप्पा, दुसरा टाका," लेक म्हणाली.

"टाकतो माय," अप्पा म्हणाले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून गिअर टाकताना त्यांना पहिल्यांदाच आनंद झाला.

या प्रकरणात मार्गदर्शकांना हसण्याचा मोह वाचकाला होईल. पण कडी वर ओढायची असते हे त्या सबंध बोळात कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते फक्त तुम्हाला. आवाज होईपर्यंत तुम्ही मागे उभे राहून 'येऊ द्या, येऊ द्या' एवढेच म्हणत होता.